‘निल’-निर्णय, अर्थात चिकलठाण्याचा अभावविचार

अभाव चार प्रकारचा असतो, हे अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ घोकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. घडा घडण्याआधी नसतो तो प्रागभाव. फुटल्यावर नसतो तो प्रध्वंसाभाव. या जमिनीवर घडा नाही, हा अत्यंताभाव. घडा म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. एवढं ठरल्यावर नसण्याबद्दल बोलण्यासारखं काही उरत नाही, असा विद्वानांचा समज होता. चिकलठाणा एमआयडीसीतल्या सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत तो रोज संध्याकाळी मोडीत निघतो.

कारण रेडिस. सिसिलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ साली जगापुढे ठेवलेलं हे कोठार सगळा माल रॅममध्ये ठेवतं: एक नाव, त्याला जोडून एक किंमत. त्याच्याशी थेट बोलायचं तर रेडिस-सीएलआय नावाची काळी खिडकी उघडायची. तिथे १२७.०.०.१:६३७९ असा पत्ता आणि पुढे एक बाण दिसतो. (६३७९ हे बंदर जुन्या फोनच्या बटणांवरून आलं, ती बटणं दाबली की ‘मर्झ’ होतं, आणि अलेसिया मर्झ या इटालियन टीव्हीवरच्या तारका. शास्त्राची मुळं फार खणू नयेत.)

ही खिडकी कमालीची मितभाषी आहे. ‘पिंग’ म्हणा, ‘पाँग’ म्हणते. नोंद ठेवा, ‘ओके’ म्हणते. ‘फ्लशऑल’ म्हणून अख्खं कोठार रिकामं करा, तरी ‘नक्की ना?’ असं न विचारता तेच ‘ओके’. सृष्टी आणि प्रलय यांना एकच पोचपावती देणारं दुसरं दफ्तर आमच्या पाहण्यात नाही. पण मुख्य वाद याचा नव्हे. नसलेली नोंद मागितली की कंसात ‘निल’ उमटतं, आणि तिथून मीमांसा सुरू होते.

कुठलं निल? ऑर्डर अजून कोठारात आलीच नसेल तर प्रागभाव, थांबावं, येईल. मुदत संपून गेली असेल तर प्रध्वंसाभाव. मुदत कोणी लावली ते शोधावं. रेडिसमध्ये शून्य ते पंधरा अशी मुळात सोळा दालनं असतात. आपण शून्यात उभे आणि नोंद तिसऱ्यात, तर हा अन्नंभट्टांचा शुद्ध अत्यंताभाव: या जमिनीवर घडा नाही, शेजारच्या जमिनीवर खुशाल आहे. आणि नावाचं स्पेलिंगच चुकलं असेल तर तोही अत्यंताभावच, फक्त जास्त लाजिरवाणा. उपाय चार आणि उत्तर एक.

अन्योन्याभावाला मात्र ही खिडकी वेगळी वागणूक देते. यादी असलेल्या नोंदीला साध्या अक्षरमालेसारखं ‘गेट’ केलं, तर निल न म्हणता ती ‘राँगटाइप’ असं खडसावते. म्हणजे वस्तू आहे पण तुम्ही समजता ती नव्हे, हे तिला कळतं. वस्तू का नाही, हे सांगायची मात्र तिची तयारी नाही. आमच्या मते हा पक्षपात आहे.

सुधारणा अजिबात झाली नाही असं नव्हे. ‘टीटीएल’ म्हणजे नोंदीचं उरलेलं आयुष्य, सेकंदांत. पूर्वी जिला मरण नाही तिलाही उणे एक, आणि जी नाहीच तिलाही उणे एक. अमर आणि अनुपस्थित एकाच पंगतीत! २.८ या आवृत्तीपासून अनुपस्थितांना उणे दोन मिळू लागलं. परंतु कधीच न जन्मलेले आणि मेलेले अजून त्या उणे दोनमध्ये एकत्रच बसतात.

मरणाची व्यवस्थाही गूढ आहे. मुदत संपलेली नोंद त्याच क्षणी पुसली जातेच असं नाही. कोणी मागायला गेलं की मग ती पुसून निल सांगितलं जातं. शिवाय सेकंदातून काही वेळा रेडिस स्वतःच थोड्या नोंदी चाचपून मेलेल्या उचलतं. तोवर मृत नोंद जागा अडवून असते आणि ‘डीबीसाइझ’च्या शिरगणतीत जिवंतांबरोबर मोजली जाते. निवडणुकीच्या याद्या वाचलेल्यांना हे नवल वाटणार नाही.

एवढ्या संशयावर निर्णय कोणी द्यायचा? मुलूख निर्णयांचा आहे खरा. १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिणारे कमलाकरभट्ट, म्हणजे गागाभट्टांचे चुलते, काशीत राहिले तरी घराणं मूळ पैठणचं. एकादशी आज की उद्या, असल्या पेचांवर त्यांनी ग्रंथ उभा केला. निलचा पेच त्यांच्या हाती लागला असता तर स्वतंत्र परिच्छेद नक्की होता.

रेडिसकडे यावर एक तोडगा आहे. नोंद मेली की खबर द्यावी, अशी सोय करून ठेवता येते. मात्र ती मुळात बंद असते, आणि नोंद जाण्याआधी सुरू केलेली असेल तरच उपयोगी. निल पाहिल्यावर ती आठवणं म्हणजे प्रध्वंसानंतर प्रागभावाची तजवीज.

म्हणून व्यवहारात असा क्रम धरावा: आधी बाणाच्या डावीकडे चौकटी कंसात दालनाचा आकडा आलाय का ते बघावं, मग स्पेलिंग, मग टीटीएल कोणी लावला ते, आणि सगळ्यात शेवटी बॅकएंडवाल्याला फोन. फ्रंटएंडवाल्यांचा संप्रदाय हाच क्रम उलटा सांगतो, आणि त्यांच्या बाजूने एवढं मान्य केलं पाहिजे की फोनवर उत्तर निलपेक्षा बरंच मोठं मिळतं.