एवढं विचारायला काय जातं?

सॅली रूनी या आयरिश लेखिकेची ‘नॉर्मल पीपल’ ही कादंबरी २०१८ साली आली आणि बुकरच्या पहिल्या यादीत जाऊन बसली. २०२० साली तिच्यावर १२ भागांची मालिका निघाली, तेव्हा नायकाच्या गळ्यातल्या बारीकशा साखळीलाही चाहते मिळाले. कादंबरी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढची कुरकुर मोकळेपणाने करता येईल. कुरकुर अशी, की कॉनेल आणि मॅरिअन हे नायक-नायिका एकमेकांना जितकं ओळखतात तितकं त्यांना दुसरं कोणीच ओळखत नाही असं कादंबरी आपल्या मनावर ठसवत राहते, आणि पुरावे मात्र नेमके उलट बाजूचे देते. हे दोघे राजकारणावर बोलतात, पुस्तकांवर बोलतात, ती स्वीडनला गेली की लांबलचक ईमेल लिहितात. फक्त ज्या एका वाक्याने पुढची पन्नास पानं वाचली असती, ते वाक्य कोणी तोंडातून काढत नाही. संवादांना अवतरणचिन्हंही नाहीत. हे बोललं गेलं की मनातच राहिलं, हे वाचकालासुद्धा अधूनमधून मागे जाऊन बघावं लागतं, तिथे त्या बिचाऱ्यांचा काय पाड!

२०१२चा डब्लिनमधला उन्हाळा घ्या. कॉनेलची रेस्टॉरंटमधली कमाई आटलीय, खोलीचं भाडं परवडत नाही. मॅरिअनचा फ्लॅट घरच्यांच्या मालकीचा, आणि कॉनेलच्या बहुतेक रात्री तशाही तिथेच जातात. ‘उन्हाळाभर तुझ्याकडे राहू का?’ एवढंच विचारायचंय. त्याऐवजी हा सांगतो काय, तर मी गावी चाललोय. तिला वाटतं, हा आपल्याला सोडतोय. म्हणून ती मान ताठ ठेवते. ती ताठ मान बघून याला वाटतं, हिला आपण नकोच होतो. आटोपलं. देवदासाला निदान खानदानाची प्रतिष्ठा आडवी आली होती. यांना घरभाडं आडवं आलं.

यावर रूनीचे चाहते म्हणतील की अहो, तोच तर मुद्दा आहे, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. कॉनेलची आई लोरेन मॅरिअनच्या घरी साफसफाईचं काम करते. ज्या घरची फरशी आई पुसते, त्या घरच्या मुलीकडे फुकटात राहायला जागा मागायची म्हटल्यावर जीभ टाळ्याला चिकटणारच. आणि मॅरिअनला पैशासाठी कधी कोणापुढे हात पसरावा लागलेला नाही, त्यामुळे समोरचा काहीतरी मागू पाहतोय हे तिच्या गावीही नसतं. हे रूनीने अचूक पकडलंय. पुढे दोघांनाही ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते. तिला मिळतो मान, आणि याला मिळते फुकट खोली आणि रात्रीचं जेवण. वर्गभेदावरच्या चार व्याख्यानांचं काम तेवढ्या एका शिष्यवृत्तीने होतं.

पण हाच खुलासा मागे नेऊन शाळेच्या दिवसांना लावायला गेलं, की तो आखूड पडतो. शाळेत कॉनेल सगळ्यांचा लाडका, आणि श्रीमंत मॅरिअन एकलकोंडी, टिंगलीचा विषय. दोघांचं चोरून जमतं; अट एकच, शाळेत कोणाला कळता कामा नये. शेवटच्या वर्षी ‘डेब्ज’ नावाचा नाचाचा समारंभ असतो. त्याला हा भलत्याच मुलीला घेऊन जायचं ठरवतो, आणि मॅरिअन शाळेत यायचंच सोडते. इथे गरिबीचा संबंध नाही, हा शुद्ध भेकडपणा आहे. कहर म्हणजे पुढे एक मित्र सहज सांगून टाकतो, की तुमचं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ज्या गुपितापायी एका मुलीची शाळा सुटली, ते केव्हाच फुटलेलं होतं आणि त्याचं कोणाला सोयरसुतकही नव्हतं. छोट्या गावात बातमी दडून राहते असं मानणारा हा मुलगा पुढे लेखक व्हायला निघतो, याचं नवल वाटतं.

बोलले असते तर कादंबरी कशी झाली असती, हा दुसरा आक्षेप. जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’मधले ॲन आणि वेंटवर्थ आठ वर्षं गप्प बसतातच की! बसतात; पण त्यांच्या तोंडावर अख्ख्या समाजाचा हात असतो. लग्न न ठरलेल्या मुलीने परपुरुषाला साधं पत्र धाडणंही तेव्हा रीतीत बसत नव्हतं. यांच्या खिशात मोबाइल आहे. आणि रूनीला हे कळत नाही असंही नाही. कॉनेल ग्रंथालयात ऑस्टिनचीच ‘एमा’ वाचत असतो. मिस्टर नाइटली हॅरिएटशी लग्न करतो की काय, अशा जागी तो पोचतो आणि नेमकी ग्रंथालय बंद व्हायची वेळ होते, तर हा पठ्ठ्या बेचैन! दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावरच्या माणसांचा गैरसमज त्याला एक रात्र सोसवत नाही. स्वतःचा मात्र तो महिनोन्‌महिने जपून ठेवतो. प्रकरणांची नावंच ‘तीन महिन्यांनंतर’, ‘सहा आठवड्यांनंतर’ अशी असल्यामुळे त्याची सोयही होते.

माझी खरी तक्रार आहे ती वेगवेगळ्या चुप्प्यांच्या सरमिसळीबद्दल. मॅरिअनचा भाऊ तिच्यावर हात उगारतो आणि ती ते फार उशिरापर्यंत कॉनेलला सांगत नाही. तिथली चुप्पी भीतीची आहे, तिची थट्टा करायचं काहीच कारण नाही. भाड्याच्या वेळची चुप्पी लाजेची, तीही समजू शकते. डेब्जच्या वेळची मात्र निव्वळ सोयीची. कादंबरी या तिन्हींना एकाच हळव्या आवाजात सांगते, तिन्हींना सारखीच खोली बहाल करते, आणि त्यात भीतीने गप्प बसलेल्या मुलीवर अन्याय होतो.

म्हणून माझं मत लोरेनला. डेब्जचा प्रकार कळताच ती पोराला तोंडावर सांगते की मला तुझी लाज वाटते, त्याच्या गाडीतून उतरते आणि बसने घरी जाते. पूर्ण पटलेलं असं या पुस्तकात मला तेवढं एकच माणूस सापडलं.