कोऱ्या सीडीचे पारखी

नाना कोरी सीडी घेताना आधी खिडकीपाशी नेतात, दोन बोटांनी कडा धरून उजेडात तिरकी करतात आणि डावा डोळा मिटतात. उभी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. शंभराच्या नोटाही त्यांनी अशाच पाहिल्या. नोटेत गांधी दिसला की नोट आत. सीडीत गांधी नसतो, पण नानांना काहीतरी दिसतं खरं. "ही घे," म्हणतात, नाहीतर, "ही नको, हिच्या आरपार तुझं नाक दिसतंय."

मीरा-भाईंदरात दर चार इमारतींमागे असे एक नाना असतातच. गिरगाव-परळची खोली सोडून ऐंशी-नव्वदच्या दशकात इकडे आलेले, विरार लोकलमधून उतरताना शर्टाची बटणं गमावलेले आणि रिटायर झाल्यावर भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरला चिकटलेले. मिक्सर असो की गुडघ्याचा पट्टा, सोसायटीत कुणालाही काही घ्यायचं झालं की आधी यांना विचारायचं. "स्वस्त हवं, पण टिकलं पाहिजे," हा त्यांचा गुरुमंत्र. आमच्या नानांनी तो कोऱ्या सीडीवर सिद्ध केला, एवढाच फरक.

याला कारण २६ जुलै २००५. त्या दिवशी पाणी भाईंदर पूर्वेतल्या आमच्या तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसात शिरलं. नानांनी भिजलेल्या फायली गच्चीवर पापडांसारख्या वाळत घातल्या. कागद वाळले, पण शाई या पानावरून त्या पानावर गेलेली. तिसऱ्या मजल्याची थकबाकी चौथ्या मजल्याच्या नावावर निघाली आणि तिसऱ्या मजल्याने ते मान्यही करून टाकलं. त्या दिवसापासून नानांचा कागदावरचा विश्वास उडाला.

मग सुरू झाल्या कोऱ्या सीडींसाठी लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या. मी एकदा पिशवी धरायला गेलो होतो. नानांनी पाच दुकानांत पन्नासच्या डब्याचा भाव विचारला, डायरीत लिहिला, त्याला पन्नासने भागलं आणि सहाव्या दुकानात शिरले. दुकानदार म्हणाला, "काका, एक्कावन्न आहेत." नानांनी डबा उघडून सगळ्यात वरची चकती काढली. बिनरंगी, नुसती प्लास्टिकची, खालच्या सीडींना ओरखडे पडू नयेत म्हणून ठेवलेली. "ही घरची नव्हे, पाहुणी," म्हणाले आणि तिच्यासकट डबा घेतला. आजही त्यांच्याकडे चहाचा कप त्या चकतीवर येतो.

पुढच्या दुकानात डीव्हीडीवरून जुंपली. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं, कॉम्प्युटर दाखवतो ४.३८. "दुधात पाणी घातलं तरी एवढं कमी भरत नाही!" शेवटी दुकानातल्या पोऱ्याने समजावलं: कंपनीचा हजार हजाराचा असतो, कॉम्प्युटरचा एक हजार चोवीसचा. नाना बराच वेळ गप्प होते. परतीच्या लोकलमध्ये मीरा रोड गेल्यावर म्हणाले, "म्हणजे माप बरोबर आहे, वजनं वेगळी आहेत."

नानांचं मुख्य शास्त्र मात्र कुळाचं. "डब्यावरचं नाव हे सासरचं," ते सांगतात, "माहेर विचारायचं." एकाच नावाच्या डब्यात आज एका कारखान्याचा माल असतो, उद्या दुसऱ्याच. पण प्रत्येक तबकडीत तिच्या कारखान्याचा कोड असतो आणि कॉम्प्युटरवर तो वाचता येतो. नाना आधी एक सुटी सीडी घेतात, घरी आणून माहेर तपासतात, स्थळ पसंत पडलं तरच डबा. मग रंग. लेसर ज्या रंगाच्या थरात खुणा करतो तो टिकला तर माहिती टिकली. सायनिन हिरवट-निळा, अॅझो गडद निळा, थॅलोसायनिन जवळजवळ बिनरंगी. आमच्या सोसायटीतल्या बायका पैठणीबद्दल बोलत नाहीत इतकं नाना या तीन रंगांबद्दल बोलतात.

सीडी लिहिण्याचेही नेम आहेत. डब्यावर १६ एक्स असलं तरी नाना आठवर लिहितात. "उकड काढताना गॅस मोठा करतोस का?" पण एकवरही नाही, आताच्या तबकड्यांना फार मंद आचही सोसत नाही म्हणे. लिहून झाल्यावर मूळ फायलीशी ताळा, आणि नाव मऊ टोकाच्या मार्करनेच. सीडीचा चमकता थर लेबलच्याच बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. खालून ओरखडा गेला तर बऱ्याचदा निभावतं, वरून गेला तर माहितीच खरवडली जाते. हे मला उशिरा कळलं. माझ्या लग्नाच्या सीडीवर मी बॉलपेनने दाबून नाव लिहिलं होतं. आमची सप्तपदी आता चार पावलांत आटोपते.

एवढं करून त्या तबकड्यांवर असतं काय? पासबुकं, सोसायटीची इतिवृत्तं, नातवाचं बारसं आणि विजेच्या मीटरचं दर महिन्याचं रीडिंग. प्रत्येकाच्या तीन प्रती. एक कॉम्प्युटरमध्ये, एक सीडीवर कपाटात आणि एक सीडीवर खाडीपलीकडे, नायगावला मेहुण्याच्या घरी. भाईंदर बुडालं तर नायगाव राहील, असा हिशेब. दोन्हीकडे खाडी एकच, हे मेहुण्याने एकदा सुचवून पाहिलं.

नानांनी दोनदा सुतक पाळलं. सोनीच्या बरोबरीने १९८८ साली लिहिता येणारी सीडी घडवणाऱ्या जपानच्या ताइयो युदेनने २०१५ अखेर हा धंदा सोडला, तेव्हा पहिल्यांदा. दुसऱ्यांदा २०१८ साली, आपली मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली तेव्हा. "हजेरीच्या घड्याळांपासून सुरुवात केली होती रे त्यांनी, १९८३ ला," असं ते शाळासोबत्याबद्दल बोलावं तसं बोलले. काकूंनी तेवढ्यात आमटीला फोडणी दिली आणि म्हणाल्या, "सीडी घ्यायला यांना दोन महिने लागतात. हा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात एक चहा प्यायले आणि टोकन देऊन आले."

ते खरंच आहे. १९८७ साली चौरस फुटाचा भाव ऐकून नाना तिथेच विरघळले होते.

इमारतीला तीस वर्षं उलटली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. यंदाच्या ऑडिटनंतर इंजिनियर सोसायटीच्या सभेत सांगायला आले. पिलरमधल्या सळया गंजल्यात, काँक्रीट पोकळ वाजतंय, त्या काळी खाडीची खारी रेती वापरलेली दिसते, आता पुनर्विकासच. सभेत कुणी बोलेना. नानांनी हात वर केला. "हा रिपोर्ट तुम्ही कशावर देणार?"

"व्हॉट्सॲपवर टाकतो ना काका."

नानांचा चेहरा पाहून मीच त्यांना वर घेऊन गेलो.

रात्री दहाला त्यांच्या घरातून राइटरची ओळखीची घरघर ऐकू आली. आठचा वेग, मग ताळा. टेबलावर गडद निळ्या दोन सीडी. एक कपाटात जायची, एक नायगावला. नाना मार्करने सावकाश लिहीत होते: 'इमारत धोकादायक असल्याचा अहवाल. मूळ प्रत.'

"किती वर्षं टिकेल, नाना?" मी विचारलं.

"पन्नास तरी कुठे जात नाही." त्यांनी मार्करला टोपण लावलं, सीडी सवयीने ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली आणि डावा डोळा मिटला. मग सीडी खाली ठेवून म्हणाले, "तेव्हा रेती उजेडात धरून पाहायला हवी होती रे."