पिशवीतला पत्ता

आमच्या कोपऱ्यावरची कचराकुंडी पालिकेने उचलली, तेव्हा नारळ फोडून समारंभ झाला. शहर कुंडीमुक्त झाले. (कचरामुक्त होईल असे कोणी म्हटले नव्हते.) त्याच जागी दुसऱ्या दिवशी पहिला कचरा पडला, तो त्याच नारळाच्या करवंट्यांचा.

मग भिंतीवर सर्व धर्मांच्या देवांच्या फरशा बसल्या. लोक चपला काढून पिशवी ठेवू लागले. घंटागाडी आहे, पण ती सव्वासातला येते आणि गाण्याचं एक कडवं होईपर्यंत थांबते. तेवढ्यात आमचा दूधवालाही दार वाजवून उठवू शकत नाही.

शेवटी पालिकेचे पथक आले. मुंबईत २००७ मध्ये क्लीनअप मार्शल नेमले, ते कचरा टाकणाऱ्याला धरून २०० रुपयांची पावती फाडत. आमचे पथक आधी पिशवी फाडते. आत लाइटबिल, कुरिअरचा खोका, लग्नपत्रिका, काहीही चालते. नाव सापडले की पावती. पहिले सापडले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, भाच्याच्या पत्रिकेवरून. ‘पत्रिका माझी, पण मेथीची देठं माझी नाहीत, आमच्याकडे मेथी कोणी खात नाही,’ असा बचाव त्यांनी अर्धा तास केला. पथकाने मेथीसकट दंड लावला.

२०१६ च्या नियमांनी कचरा तीन प्रकारे वेगळा करायला सांगितला: ओला, सुका आणि घरगुती घातक. इतकी वर्षे कोणी दाद दिली नव्हती. पथकाने ते पंधरा दिवसांत करून दाखवले. आता घरोघरी वर्गीकरण होते: नावाचा आणि निनावी. आमची ही रात्री चष्मा लावून, कात्री घेऊन बसते. ‘अहो, इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठीवर फ्लॅट नंबर असतो, बघितलंत का?’ आमच्या घरात घातक कचरा म्हणजे आमचा पत्ता. तो मी डब्याच्या पिशवीतून ऑफिसात नेतो. तिथल्या टोपलीत सध्या अख्ख्या उपनगराचे पत्ते मिळतील.

काल साडेदहाला शतपावलीला निघालो. हातात पिशवी होती. कोपऱ्यावर अंधारात सेक्रेटरी. त्यांच्याही हातात पिशवी.

‘जेवण झालं?’ मी.

‘हो, आत्ताच.’ त्यांनी माझ्या पिशवीकडे नजर टाकली आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘खोका आहे का? आतली पावतीही काढत जा. मी तिथेच फसलो, दुसऱ्या वेळी.’