मास्तर आणि पाण्याची टाकी

शेजारच्या वहिनींचं डोकं भिंतीवरून वर आलं की समजावं, आता कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजणार नाही.

"ताई, ऐकलं का? मास्तर काल पाण्याच्या टाकीचा फोटो काढत होते."

"टाकीचा? कशाला ओ?"

"टाकीचाच नाही. परवा पिठाच्या गिरणीचा, त्याच्या आदल्या दिवशी पोस्टाच्या पेटीचा. मधल्या गल्लीतल्या पडक्या वाड्याच्या ढाळजेचे तर म्हणे सात-आठ काढले. खाली बसून, वाकून, एक डोळा मिटून!"

गल्लीत तोवर भलतीच आवई उठली होती. मास्तरांना कुणी तरी मोजणीच्या कामाला लावलंय, रस्ता रुंद होणार, ज्याच्या घराचा फोटो निघाला त्याचा ओटा गेलाच म्हणून समजा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं पुढं काढलेला पत्रा रातोरात मागं घेतला. चार वर्षं सांगून घेत नव्हता! एवढं एक काम मास्तरांच्या मोबाइलनं फुकटात केलं.

मी म्हटलं, "वहिनी, खरं काय ते मला माहितीय. त्यांची लेक आयर्लंडात असते ना, तिनं तिच्या गावाचे फोटो पाठवले. लहानसंच गाव. एक पूल, पोस्ट, चर्च, रंगवलेली दुकानं. मास्तर म्हणाले, तू तुझं दाखवलंस, आता माझं बघ."

"मग पाणीमहाल काढावा की नळदुर्गचा! टाकी काय दाखवायची लेकीला?"

हेच मी त्यांना विचारलं होतं. चहाचा कप हातात असला की मास्तर शाळेतल्यासारखे बोलतात. म्हणाले, पाणीमहालाला माझी गरज नाही. इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली बोरी नदीवर तो बंधारा झाला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पडायला लागले की मोबाइलवाल्यांची तिथं जत्रा भरते. तेरचंही तेच. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, हत्तीच्या पाठीसारखं छप्पर, त्यावर कझिन्ससाहेबानं पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात लिहून ठेवलंय. आता गोरोबाकाकांचं गाव ते, पण तिथल्या साध्या कुंभाराच्या घराचा फोटो कुणाकडं आहे का, सांगा बरं.

मला काय सांगता येणार? मी बिस्किटं पुढं केली.

"आणि मास्तर सांगत असतात तो आयर्लंडवाला साहेब कोण?" वहिनींना सगळं अर्धं अर्धं कळलेलं असतं.

"मेडोज टेलर. 1853 ला निजामाकडून नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडं आला, तेव्हा इथला कारभार त्याच्याकडं होता. नोकरी संपल्यावर तो डब्लिनला राहायला गेला. त्याची 'तारा' नावाची कादंबरी आहे, 1863 ची. गोष्ट आपल्या तुळजापूरची."

"बघा! तिकडं बसून इकडचं लिहिलं. आणि मास्तरांची लेक तिकडं बसून इकडची टाकी बघणार."

वहिनी हसल्या. मीही हसले. पण वहिनी, एक सांगते, म्हटलं, मास्तर मूळचे सास्तूरकडचे. त्यांचं घर माळवदाचं. भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात रुंद, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी वर आणखी पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. उन्हाळ्यात असं गार की पंखा लागत नसे. धान्याचं बळद भिंतीतच, उजेडाला वर सवणं. त्याच मातीनं घात केला. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि ते सगळं वजन झोपलेल्यांच्या अंगावर आलं. गावं नव्या जागी बसली. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, सारखी घरं.

"मास्तरांकडं जुन्या घराचा एकच फोटो उरलाय. त्यांच्या बहिणीच्या लग्नातला. मुंडावळ्या बांधलेली बहीण मधोमध, आणि तिच्या खांद्यामागं दाराच्या चौकटीचा वीतभर तुकडा, बाजूला देवळी, देवळीत कंदील. ते भिंग लावून बघतात. म्हणाले, फोटोग्राफरला घर काढायचंच नव्हतं, चुकून आलं."

वहिनी जरा गप्प झाल्या. त्यांच्या कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"माझ्या माहेरीपण बळद होतं," त्या म्हणाल्या. "लपाछपीत मी त्यात उतरले होते. बाहेर काढायला चुलता आला." मग एकदम, "स्टेशनवरच्या जुन्या पाटीचा काढला का त्यांनी? उस्मानाबाद लिहिलेल्या?"

"कधीच काढून ठेवलाय. 2023 ला जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, त्या वेळीच ते म्हणाले होते, आता पाट्या जाणार. दुकानांच्यासुद्धा काढल्यात. आता उस्मानाबादी म्हणायला शेळीच तेवढी राहिली, म्हणतात."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला मास्तर दिसले. टोपी, चपला, हातात मोबाइल. आमच्यासमोर येऊन थांबले आणि आधी माणसांकडं न बघता भिंतीकडं बघू लागले.

"ही कधी बांधली हो?"

"आम्ही 88 ला," वहिनी म्हणाल्या.

"आम्ही म्हणजे?" मी म्हटलं. "विटा आमच्या होत्या."

"विटा तुमच्या असतील, पाया आमच्या हद्दीत आहे."

"अहो, गिलावा तरी कुणी केला? तुमच्याकडून अजून उघड्या विटा दिसतात!"

मास्तरांनी मोबाइल वर धरला. वहिनींनी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि मला खुणावलं, भिंतीवर वाळत घातलेली चादर काढा म्हणून. मी काढली नाही. चादर नेमकी त्यांच्याकडच्या उघड्या विटांवर आली होती, आणि ती त्यांची होती.