मोजणीवाले आप्पा

आमच्या आळीत कुणाकडे प्रिंटर बिघडला, की ते आधी आप्पांना कळतं आणि मग घरातल्यांना. आप्पा भूकरमापक होते. उभा जन्म साखळी ओढण्यात, करवंदीच्या जाळीत हद्दीचे दगड शोधण्यात आणि भांडणाऱ्या दोन भावांच्या मधोमध उभं राहण्यात गेला. निवृत्त झाल्यावर जिल्ह्यातल्या हद्दी सोडून ते लोकांच्या वायफायकडे वळले. असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. कुठे तो बँकेतून निवृत्त झालेला असतो, कुठे एसटीतून. दुरुस्तीला त्या त्या खात्याचा वास येतोच. बँकवाला आधी सही जुळते का बघतो, एसटीवाला आधी ढकलून बघतो. आप्पा मोजणी करतात.

गोष्ट एप्रिलमधली. घरच्या बागेतला हापूस मी पेट्यांत भरून मुंबई-पुण्याला पाठवतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून माझं गिऱ्हाईक आंब्याच्या आधी लेबल हुंगतं. लेबलं मी घरीच छापतो. त्या दिवशी पडवीत चाळीस पेट्या लागलेल्या, सकाळी सहाला टेम्पो येणार, आणि प्रिंटर सांगतोय, ‘ऑफलाइन’. आंबा काही ऑफलाइन राहत नाही. तो आपला पिकत असतो.

आधी पुण्याच्या भाच्याला फोन केला. “मामा, रीस्टार्ट केलात?” केला. “राउटरपण?” तोही केला, शिवाय घरचा मेन स्विच पाडून पुन्हा चढवला. “मग डिलीट करून परत टाका,” असं म्हणून तो मीटिंगला गेला. पुण्याचा सल्ला तत्पर असतो, पण मुक्कामाला येत नाही.

आप्पा चारच्या सुमारास आले. खांद्याला कापडी पिशवी. तीत टेप, टॉर्च, भिंग, दुहेरी रेघांची वही आणि प्रिंटरची जाडी वायर. बिनतारीवर त्यांचा विश्वास आहे, पण वायर जवळ असावी.

“चहा नको. अर्धा चालेल,” असं म्हणून ते ओट्यावर टेकले आणि जबाब सुरू झाला.

“बंद कधीपासून?”

“परवापासून.”

“परवा घरात कोण आलेलं?”

“कुणी नाही. म्हणजे इंटरनेटवाला आला होता. जुना डबा काढून नवा बसवून गेला.”

आप्पांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या बायकोकडे बघितलं. “सूनबाई, ह्याला विचारलं कुणी आलेलं का, तर म्हणतो कुणी नाही. कोर्टात असाच मार खातात लोक.”

मग त्यांनी प्रिंटरकडूनच त्याचा दाखला काढून घेतला. प्रिंटरची दोन बटणं एकदम दाबून धरली, की तो स्वतःच्या जोडणीची सगळी कुंडली एका कागदावर छापून देतो, हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. मुंगीएवढी अक्षरं. आप्पांनी त्यावर भिंग धरलं आणि फेरफार वाचावा तसा एकेका ओळीवर बोट फिरवत खाली आले.

“हे बघ. पत्ता काय लिहिलाय? एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढे काहीतरी. हा राउटरने दिलेला पत्ता नव्हे. राउटरने दारात उभं केलं नाही, की यंत्र स्वतःच असा आकडा घेऊन बसतं. गायरानात झोपडी बांधल्यासारखं. आणि नाव कुठलं शोधतोय? जुन्या डब्याचं.” भिंग बाजूला केलं. “म्हणजे थिबा झालाय ह्याचा.”

रत्नागिरीकराला यापुढे समजावून सांगायला नको. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतलं आणि त्याला आणून ठेवलं आमच्या गावी. १९१० च्या सुमारास राजवाडा बांधून दिला, पण १९१६ साली तो गेला तो इथेच. मंडाले काही पुन्हा दिसलं नाही. आमचा प्रिंटरही परवापासून माजघराच्या कोनाड्यात बसून गेलेल्या राज्याला हाका मारत होता.

“मग नवं नाव, नवा पासवर्ड घालूया,” मी म्हणालो.

“घालशील. आधी मोजणी.”

टेपचं टोक माझ्या हातात देऊन आप्पा ओटीवरच्या राउटरपासून निघाले. एका हातात टेप, दुसऱ्या हातात मोबाइल, नजर मोबाइलवरच्या रेघांवर. “ओटी, चार. माजघराचा उंबरा, तीन. आत... एक. आता गेली.” भिंतीवर थाप मारली. आजोबांनी बांधलेली दीड फुटी जांभ्याची भिंत. पावसाळ्यात गारवा, उन्हाळ्यात गारवा, आणि वायफायला मज्जाव. आप्पांच्या मते या गावात इंटरनेटचा खरा शत्रू जांभा दगड आहे, आणि त्याला ते आतून मानतात.

इथे त्यांनी मला जे सांगितलं ते कंपनीच्या जाड पुस्तकात मला सापडलं नव्हतं. नवा राउटर दोन लहरी सोडतो, एक पाच गिगाहर्ट्झची आणि एक दोन पॉइंट चारची. पाचवाली पळते जोरात, पण गडग्यापाशी अडते. दोन-चारवाली रमतगमत जाते, पण भिंतीपलीकडे पोचते. माझ्यासारख्या जुन्या प्रिंटरला नुसती दोन-चारच कळते. आणि इंटरनेटवाल्याने दोघींना नाव एकच दिलेलं. ओटीवर माझा मोबाइल पाचवर चढायचा, तिथून प्रिंटरला हाक मारायचा, आणि प्रिंटर ऐकू न आल्यासारखा बसायचा.

“एका खात्यावर दोन खातेदार,” आप्पा म्हणाले. “भांडण होणारच. पोटहिस्से पाडू.”

राउटरच्या पाठीवर चिकटवलेला पासवर्ड वाचायला तीन माणसं लागली. आप्पा टॉर्च धरून, मी भिंग धरून, बायको लिहून घेत. त्यात एक गोल होता. बायको म्हणाली शून्य, मी म्हणालो ओ. आप्पांनी दोन्ही पक्षांचं ऐकून घेतलं आणि शून्याच्या बाजूने निकाल दिला. तो बरोबर निघाला. घरात तो विषय अजून अधूनमधून निघतो.

राउटरच्या आत शिरून त्यांनी एका नावाची दोन केली. शेवटी ‘अ’ असलेली पाचवाली, शेवटी ‘ब’ असलेली दोन-चारवाली. मोबाइल ‘ब’वर घेतला, प्रिंटरला ‘ब’चं नाव आणि पासवर्ड दिला. निळा दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि स्थिर झाला. मी पेट्यांकडे धावणार, तोच आप्पांनी मनगट धरलं.

“बस खाली. आज लागला, आठवड्याने पुन्हा म्हणेल ऑफलाइन. राउटर पत्ता मुदतीने देतो. मुदत सरली, मधे दिवे गेले, की प्रिंटरला दुसरा पत्ता आणि तुझा कॉम्प्युटर जुन्या दारावर टकटक करत उभा. पत्ता ह्याच्या नावावर कायम करून घ्यायचा.” आणि मग डोळे बारीक करून, “एक एप्रिल एकोणीसशे सत्तावन्न आठवतंय?”

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण कुळकायद्याने त्या दिवशी कुळं जमिनीची मालक ठरली, हे कोकणात जन्मानंतर लगेच शिकवतात. आमच्या आजोबांची त्यात गेली, आप्पांच्या वडिलांना त्यात मिळाली. दोन्ही घरं अजून एकमेकांकडे चहा घेतात, अर्धा अर्धा. आप्पांनी राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवला. कूळ कायम झालं.

तरी उठेनात. वहीत नकाशा काढायला बसले. वर उत्तरेचा बाण, राउटरला त्रिकोण, जांभ्याला दुहेरी रेघ, सिग्नल संपतो तिथे तुटक रेषा. खाली लिहिलं: ‘हजर – अर्जदार व अर्जदाराची पत्नी. हरकत – नाही.’ माझी सही घेतली. सहा वाजले होते.

“आता छापू?” मी विचारलं.

“छाप की. पण आधी चालतोय का बघायला काहीतरी साधं काढू,” असं म्हणत त्यांनी स्वतःचा मोबाइल ‘ब’वर जोडला. साधं म्हणजे चुलतभावाबरोबर कोर्टात चाललेल्या बांधाच्या दाव्याचे कागद होते. सगळ्या तालुक्याच्या हद्दी ज्यांनी कायम केल्या, त्यांच्या स्वतःच्या बागेचा बांध अजून वादात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. कागद एकवीस, प्रती तीन. प्रिंटर न अडखळता छापत राहिला. आप्पा प्रत्येक पान उजेडात धरून बघत, मान हलवत, पिशवीत घालत होते.

त्रेसष्टावं पान निम्मं काळं आणि निम्मं कोरं आलं.

माझी चाळीस लेबलं मी आणि बायकोने रात्री साडेदहापर्यंत स्केचपेनने लिहिली. टेम्पो सहाला आला. एका गिऱ्हाइकाने तर हाताने लिहिलेलं लेबल बघून आंबा अस्सल असल्याचं कळवलं. प्रिंटर त्या दिवसापासून आजतागायत एकदाही ऑफलाइन गेलेला नाही. तुमच्याकडे असं काही झालं तर आप्पांना जरूर बोलवा. फक्त शाईची बाटली आणि कागदाचं रीम आधी आणून ठेवा.