दम लागल्याशिवाय गड नाही

भोरकरांचे समुद्राशी फारसे जमत नाही. तालुक्याच्या पश्चिम कडेला उभे राहिले की पायाखाली सरळ कोकण. पण आमची नीरा तिकडे ढुंकूनही न बघता पूर्वेला निघते, भीमेला मिळते, कृष्णेत शिरते आणि अख्खे दख्खन तुडवून बंगालच्या उपसागरात पडते. नदीच इतकी आडमुठी, तर माणसांना काय बोलायचे? खारे पाणी बघायचे तर आम्हाला वरंध घाट उतरावा लागतो आणि त्याआधी वाघजाईपाशी भजी खावी लागतात. असा कायदा नाही, पण तो मोडलेला भोरकर माझ्या पाहण्यात नाही.

या खेपेला कोर्लई ठरले. सोबत वेल्ह्याचे मामा. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या तालुक्याला राजगडाचे नाव द्यायचे ठरवले, तेव्हापासून गड या विषयावर मामा कुणाचे ऐकून घेत नाहीत. लहानपणापासून समोर १४०३ मीटरचा तोरणा. कोर्लईचा डोंगर जेमतेम शंभरेक मीटर. दीपगृहापासून पायऱ्या चढून आम्ही तटापाशी पोचलो तेव्हा मामांच्या तोंडातला तंबाखूही अजून ओला झाला नव्हता.

"झालं? याला आमच्याकडं टेपाड म्हणत्यात."

एका अंगाला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, पलीकडे रेवदंडा. जमिनीची एवढीशी जीभ, पण चौलच्या बंदरात शिरणारे प्रत्येक गलबत तिच्या समोरून जाणार. म्हणून निजामशाहीला ती हवी होती. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती हिसकावली. वसई पडल्यावर मराठ्यांनी घेतली. १८१८ नंतर इंग्रज आले. पोर्तुगीजांनी बुरुजांना आपल्या संतांची नावे दिली होती, मराठ्यांनी त्यांतल्या एकाला गणेशाचे दिले. आत पडके चर्च आहे आणि महादेवाचे देऊळही.

"सातबारा भलताच लांब आसंल," मामा म्हणाले. "फेरफाराला तलाठी येडा झाला आसंल." किल्ल्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला आदराचा शब्द.

खाली गावात आणखी एक फेरफार टिकून आहे. इथली ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या सोयरिकीतून झालेली बोली घरात बोलतात. मामांनी दोन बायकांचे बोलणे कान देऊन ऐकले आणि निकाल दिला, "मालवणी हाय." बायकांनी आमच्याकडे वळून अस्सल मराठीत मासळीचा भाव सांगितला, तो मात्र मामांना पूर्ण समजला, पटला नाही.

माझे मत विचाराल तर कोर्लईची खरी तटबंदी पाण्याचीच. तोरण्याला उंचीचा जो आधार, तो इथे तीन बाजूंच्या लाटांचा. हे मी मामांना सांगितले. ते म्हणाले, "मग पव्हून यायला पायजे हुतं."

तुम्ही जरूर जा. थंडीत जा, सकाळी चढा, पावसाळ्यात वरंध घाट सुरू आहे की बंद ते आधी विचारा, आणि वेल्ह्याचा पाहुणा बरोबर असेल तर तोरण्याचा विषय त्याला वाघजाईच्या भज्यांपाशीच संपवू द्या.