बिनपदाचा कर्नल

‘मला कसलंही पद नको’ म्हणणाऱ्या माणसाला मी जरा टरकूनच असतो. खुर्चीला चिकटलेला परवडला. तो कुठे बसलाय ते निदान दिसतं. लिबियाच्या मुअम्मर गडाफीनं १९७९ साली सरकारी पद सोडलं आणि पुढची बत्तीस वर्षं निवांत राज्य केलं.

सत्ता त्याला मिळाली तीही फारशी झटापट न होता. १ सप्टेंबर १९६९ला राजे इद्रिस उपचारांसाठी तुर्कस्तानात होते. तेवढ्यात या सत्तावीस वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्यानं सोबत्यांना घेऊन राज्य ताब्यात घेतलं. शाळेत असल्यापासून कैरो रेडिओवर इजिप्तच्या नासरची भाषणं ऐकून भारलेला पोरगा तो. कर्नल झाला आणि जन्मभर कर्नलच राहिला. इतर हुकूमशहा फील्ड मार्शल होत असताना केवढा हा विनय!

१९७७मध्ये त्यानं जाहीर केलं, की यापुढे जनताच राज्य करणार. जागोजागी जनसभा भरू लागल्या. मग गडाफी कोण? तर क्रांतीचा मार्गदर्शक. आपल्याकडे गणेश मंडळाच्या पावतीपुस्तकावर अध्यक्ष, खजिनदार अशी सगळी नावं असतात. पण मिरवणूक कुठून न्यायची हे ठरवतात ते फ्लेक्सवरचे मार्गदर्शकच. गडाफीच्या मंडळाखाली तेलाचे साठे होते, एवढाच काय तो फरक.

मार्गदर्शन त्याच्या ‘हिरव्या पुस्तका’त छापील मिळे. त्यात खेळांबद्दलही उपदेश आहे: खेळ लोकांनी स्वतः खेळावा, बघत बसू नये; दुसरे जेवताना बघायला कुणी हॉटेलात जातं का? तर्क बिनतोड. पण चिरंजीव सादी निघाले फुटबॉलपटू. लिबियातले समालोचक म्हणे बाकीच्या खेळाडूंचे नुसते नंबर सांगायचे, नाव घ्यायचे ते फक्त सादीचं. पुढे इटलीच्या पेरूजा क्लबानंही त्याला घेतलं आणि २००४मध्ये युव्हेंटसविरुद्ध घटकाभर उतरवलं. बघायला अर्थातच लोक होते.

स्वतः कर्नलसाहेब परदेशी निघाले की तंबू बरोबर असे. पॅरिस आणि रोमनं तो उभारू दिला. २००९मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेडफर्डमध्ये मात्र स्थानिक अधिकाऱ्यांनी काम थांबवलं. त्याच दौऱ्यात संयुक्त राष्ट्रांत बोलायला पंधरा मिनिटं मिळाली होती. साहेब दीड तास बोलले.

इथवर हसू येतं. पण हसायला आपण लिबियाबाहेर असावं लागतं. १९९६मध्ये त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात बाराशेच्या आसपास कैदी मारले गेल्याचं मानवी हक्क संघटना सांगतात. त्यांच्या घरच्यांनी जाब कुणाला विचारायचा? राज्य तर जनतेचं! पद नसलं की जबाबदारीही नसते, ही त्या विनयातली खरी मेख.

फेब्रुवारी २०११मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तो टीव्हीवर गरजला, की मला पदच नाही, असतं तर राजीनामा तोंडावर फेकला असता. बोलणं कागदोपत्री अगदी खरं होतं. त्याच ऑक्टोबरात सिर्तजवळ लोकांनी त्याला निचऱ्याच्या पाइपातून ओढून काढलं आणि ठार केलं. सोडायला हातात पद असणं हा पुढाऱ्याला मिळालेला केवढा मोठा विमा आहे, हे ट्यूनिशियाचा बेन अली आणि इजिप्तचा मुबारक यांना त्याच वर्षी कळलं. दोघांनी पदं सोडली आणि दोघंही पुढे म्हातारपणीच गेले.